60 जीबी जादू आणि 45 मिनिटांचा प्रयोग

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: घोडबंदर रोडला राहणारे आणि वाशीत नोकरी करणारे 41 वर्षांचे एक हौशी जादूगार लिहितात. शनिवार-रविवारी ते सोसायट्यांच्या क्लबहाऊसमध्ये वाढदिवसाचे प्रयोग करतात, वर्षातून चार-पाचदा कंपन्यांच्या फॅमिली डेचेही. प्रयोग 45 मिनिटांचा. आयटम सहा वर्षे तेच: चेंज बॅग (आत टाकलेली वस्तू बदलून काढायची पिशवी), एग बॅग (अंडं गायब करून परत आणायची पिशवी), रिंगा, दोरी, स्पंज बॉल, रुमाल. बोनसमधले 30,000 रुपये जुन्या इंग्रजी जादू-मासिकांच्या डिजिटल आवृत्त्यांवर खर्च करायचे त्यांच्या मनात आहे. समोर तीन वाटा आहेत: परदेशी विक्रेत्यांचे 'संपूर्ण संच', सुटे खंड, आणि एका मित्राने टेलिग्रामवरून उतरवून पेन ड्राइव्हवर फुकट दिलेले 60 जीबी स्कॅन. 'जुन्या अंकांत आज कोणालाच ठाऊक नसलेले आयटम असतात, म्हणून सगळं एकदम घेऊन टाकावंसं वाटतं,' असं ते म्हणतात. पत्नीने विचारलं, 'आधीचे 60 जीबी वाचून झाले का?' शिवाय गुरूंकडून आलेले सात कागदी अंक कपाटात आहेत, त्यांना बुरशी धरू लागली आहे.

नमस्कार,

तुमच्या पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न वहिनींचा आहे, म्हणून आधी त्याचा हिशोब करू. स्कॅन केलेल्या एका पानाला अर्धा एमबी धरला, तरी 60 जीबी म्हणजे जवळपास 1,20,000 पानं. ठाणे-वाशी लोकलच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन फेऱ्यांत रोज 50 पानं वाचलीत, सुट्टी न घेता, तरी साडेसहा वर्षं लागतील. तुम्ही त्यातल्या तीन फायली उघडल्यात आणि प्रयोगात त्यातलं काहीच आलं नाही. त्यात नवल नाही. वर्णानुक्रम नसलेल्या, शोध न चालणाऱ्या सव्वा लाख पानांत कोणालाच काही सापडत नाही. त्यात 30,000 रुपयांची आणखी पानं ओतलीत, तर ढीग वाढेल, आयटम तेच राहतील.

आता 'कोणालाच ठाऊक नसलेले' या शब्दांकडे येऊ. ही मासिकं जगातल्या जादूगारांनी पुन्हा पुन्हा चाळलेली आहेत. 'द जिंक्स', 'द फिनिक्स', 'द स्फिंक्स' यांतला कुठला आयटम कोणत्या अंकात आहे याच्या सूची निघाल्या आहेत. डेनिस बेर यांची 'कंज्युरिंग आर्काइव्ह' ही ऑनलाइन सूची तर फुकट वापरता येते. तेव्हा गुपित म्हणून फारसं काही उरलेलं नाही. पडून राहिलेले आयटम मात्र ढिगाने आहेत, आणि ते का पडून राहिले हे निवड करताना आधी पाहावं लागतं. 1910 च्या आसपासचा लेखक धरून चालतो की जादूगार रंगमंचावर आहे, दोन्ही बाजूंना विंगा आहेत, अंगात शेपटीचा कोट आहे आणि टेबलामागे वस्तू टाकायला लपवलेली झोळी, म्हणजे सर्व्हांट, आहे. तुमच्या क्लबहाऊसमध्ये पोरं तिन्ही बाजूंनी मांडी घालून बसलेली, एक जण टेबलाखाली शिरलेला, आणि मावशी बाजूने मोबाइलवर शूटिंग करताहेत. त्या झोळीचा आयटम तिथे दुसऱ्या मिनिटाला उघडा पडतो.

सामानाचंही तसंच. अमेरिकन अंकांतली नाण्यांची हातचलाखी बहुतेक हाफ डॉलरवर बेतलेली असते, ते नाणं 30.6 मिमीचं. आपलं 10 रुपयांचं नाणं 27 मिमीचं. साडेतीन मिमीचा फरक ऐकायला किरकोळ, पण तळहातात नाणं धरून ठेवताना, म्हणजे पामिंग करताना, तेवढ्यानेच ते निसटतं, आणि दोष आपल्या हाताला दिला जातो. घरात आजीचा राणीछाप चांदीचा रुपया असेल तर तो काढा. तो साधारण 30.5 मिमीचा, हाफ डॉलरशी जवळजवळ जुळणारा. सिगारेटी, काड्यापेट्या, फेल्ट हॅट यांवर उभे असलेले आयटम मुलांच्या वाढदिवसाला आपोआप बाद.

म्हणून कोणतं मासिक हे ठरवण्याआधी कोणासाठी हे ठरवा. तुमच्याकडे दोन प्रेक्षक आहेत: चार ते आठ वर्षांची पोरं, आणि कंपनीतली मोठी माणसं. दोघांना एकच मासिक पुरणार नाही.

'द जिंक्स'चं नाव तुम्ही यादीत सगळ्यात वर लिहिलंय. थिओडोर अ‍ॅनमन यांनी 1934 ते 1941 या काळात चालवलेलं हे पत्र, अंक 151 आणि शिवाय काही विशेष पुरवण्या. आकाराने छोटं, मजकूर ठासून भरलेला. त्याचं बळ मनकवडेपणाच्या आयटममध्ये आहे: चिठ्ठ्या, बंद पाकिटं, भाकितं. फॅमिली डेला जेवणानंतर खुर्च्यांवर बसलेल्या मोठ्यांसमोर हे सोन्यासारखं चालेल. सहा वर्षांच्या मुलाला 'तू मनात धरलेला आकडा मी ओळखला' यात फार गंमत वाटत नाही. त्याला रुमालाचा रंग बदललेला बघायचा असतो, आणि काका चुकले की ओरडायचं असतं.

मुलांसाठी इंग्लंडकडे बघा. गुडलिफ यांचं 'अ‍ॅब्राकाडॅब्रा' हे साप्ताहिक 1946 पासून 2009 पर्यंत चाललं. पार्ट्या आणि छोट्या हॉलांतले प्रयोग करून पोट भरणाऱ्यांची ही पानं. बातम्या, भांडणं, जाहिराती भरपूर, त्यामुळे मजकूर विरळ, पण जे मिळतं ते पार्टीच्या खोलीत चालणारं. संपूर्ण संच घ्यायचं मनातही आणू नका. साठ वर्षांचं साप्ताहिक आहे ते. सुरुवातीचा एखादा खंड पुरे. 'द लिंकिंग रिंग' हे इंटरनॅशनल ब्रदरहूड ऑफ मॅजिशियन्सचं मासिक 1922 पासून निघतं. त्यात 'परेड' नावाचा भाग असतो. एकाच माणसाचे अनेक आयटम एका ठिकाणी मिळतात, म्हणजे त्याची विचार करायची रीत कळते. तुमच्यासारख्याला सुट्या युक्त्यांपेक्षा ते जास्त कामाचं. 'ह्युगार्ड्स मॅजिक मंथली' (1943 ते 1965) सगळ्याचं थोडं-थोडं देतं आणि लिहिलेलं स्वच्छ आहे. एकच घ्यायचं म्हणालात तर माझं मत त्याला. 'फिनिक्स'चे 300 अंक 1942 ते 1954 मध्ये निघाले. चार-चार पानांचे, लोकलमध्ये वाशी येईपर्यंत एक संपतो.

हुडिनीच्या 'कंज्युरर्स मंथली'चा मोह होईल. सप्टेंबर 1906 ते ऑगस्ट 1908, फक्त 24 अंक, संच पटकन पुरा होतो. इतिहासाची आवड असेल तर जरूर वाचा, प्रतिस्पर्ध्यांवरची चिखलफेक तर झकास आहे. प्रयोगासाठी त्यातून जवळपास काही मिळणार नाही.

'संपूर्ण' हा शब्द विक्रेता एका अर्थाने वापरतो, वाचक दुसऱ्या. बहुतेक डिजिटल प्रती ग्रंथालयांत बांधलेल्या खंडांवरून केलेल्या असतात, आणि बांधणी करताना मुखपृष्ठं, जाहिरातींची पानं, सुट्या पुरवण्या काढून टाकायची पद्धत सर्रास होती. जाहिराती गेल्या तर काय बिघडलं, असं वाटेल. पण परीक्षण-सदरात एखाद्या आयटमची तोंडभरून स्तुती असते आणि त्याची कृती मात्र अंकात कुठेच नसते, कारण ते दुकानात विकलं जाणारं सामान होतं. समोरच्या पानावरची जाहिरात गेलेली असेल, तर हे तुम्हाला कळत नाही आणि तुम्ही सगळा खंड धुंडाळत बसता. दुसरी अडचण चूकभुलीची. आकृतीत हात उलटा छापला गेला, पत्त्यांचा क्रम चुकला, की दुरुस्ती पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या अंकात येते. तो अंक संचात नसेल तर तुम्ही चुकीचीच कृती महिनाभर घोकाल.

तपासायला फार वेळ लागत नाही. यातल्या अनेक मासिकांचे पान क्रमांक खंडभर सलग चालतात. प्रत्येक अंकाचं शेवटचं छापील पान आणि पुढच्या अंकाचं पहिलं पान एवढंच लिहून काढा. 32 नंतर 37 आलं, की चार पानं गेली. 'पुढे पान अमुकवर' असं जिथे असेल तिथली दोन-तीन टोकं जुळवून बघा. आणि वर्ष कधी सुरू होतं ते बघा: 'स्फिंक्स' मार्च 1902 ला निघालं आणि त्याचा खंड मार्चपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत चालतो. त्यामुळे कॅलेंडर वर्षाने लावलेल्या फोल्डरांत जानेवारी-फेब्रुवारीचे अंक एक तर दोनदा येतात किंवा एकदाही येत नाहीत.

आता स्कॅन. विक्रेत्याकडे नमुन्याची एक फाइल मागा. देत नसेल तर त्याच मासिकाचा सगळ्यात स्वस्त सुटा अंक आधी घ्या. संच एकदम घेतलात आणि तो वाईट निघाला, तर डिजिटल मालाचे पैसे सहसा परत येत नाहीत. नमुना हातात आला की चार गोष्टी करा.

हाताची आकृती असलेलं पान 400 टक्के मोठं करा. बोटांच्या रेषा सुट्या दिसल्या पाहिजेत, नाणं कोणत्या दोन बोटांमध्ये आहे हे सांगता आलं पाहिजे. साडेआठ बाय अकरा इंचांचं पान 300 डीपीआयला, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांनी, स्कॅन केलं तर 2550 बाय 3300 पिक्सेल मिळतात, तेवढे हवेतच. फोटो असलेलं पान बघा. कोऱ्या काळ्या-पांढऱ्यात, म्हणजे करडी छटा न ठेवता केलेल्या स्कॅनमध्ये अक्षरं छान दिसतात, पण फोटो म्हणजे शाईचे डाग. 32 पानांचा अंक दीड-दोन एमबीत बसवलाय असं दिसलं तर बहुधा हाच प्रकार. तिसरं, बांधणीच्या बाजूची अक्षरं बघा. जाड खंड पुरता उघडला नाही की प्रत्येक ओळीची आतली दोन अक्षरं गिळली जातात.

चौथी गोष्ट शोधाची, आणि तुमच्यासाठी हीच सगळ्यात मोलाची. पानावरचा मजकूर माऊसने निवडता येतो का? आला, तर साधारण 200 शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा आणि चुका मोजा. चारपर्यंत चालतील. दहाच्या वर गेल्या, तर शोधावर विसंबू नका. जुन्या छपाईवर अक्षरं ओळखणारं यंत्र ठरावीक जागी घसरतं. आर आणि एन शेजारी आले की एम वाचतं, सी आणि एल आले की डी. 'पाम' या शब्दाच्या शेवटच्या दोन अक्षरांचं एच-एन होतं, म्हणजे पामिंग शोधायला जाल तर नेमका तोच शब्द सापडत नाही. अर्धा इंच, पाव इंच असे अपूर्णांक सरळ पूर्ण आकडे बनतात. दोन स्तंभांचं पान असेल तर चिकटवलेल्या मजकुरात डाव्या स्तंभाची ओळ संपून उजव्याची सुरू होत नाही ना, हेही बघा. तसं झालं असेल तर दोन शब्दांचा शोध बिनकामाचा. शेवटची खात्री: अंगठ्यासाठीचा इंग्रजी शब्द दहा पानांत डोळ्यांनी मोजा, मग शोधून मोजा. डोळ्यांनी 20 आणि शोधून 18, तर प्रत चांगली.

एक बिघाड मात्र डोळ्यांना दिसत नाही. 2013 मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं, की झेरॉक्स कंपनीची काही वर्कसेंटर यंत्रं कागद स्कॅन करताना आकडेच बदलत होती, 6 च्या जागी 8. कारण जेबिग2 नावाची फाइल लहान करायची पद्धत. ती पानावरचे सारखे दिसणारे आकार शोधते आणि एकाचंच चित्र सगळीकडे वापरते. अक्षर धूसर झालं तर निदान शंका येते. इथे 8 अगदी ठसठशीत दिसतो, फक्त तो चुकीचा असतो. पत्त्यांच्या आयटममध्ये 'वरून सहावं पान'चं 'आठवं पान' झालं तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून आकड्यांवर चालणारा आयटम हातात 52 पानं घेऊन दोनदा करून बघा. जमत नसेल तर स्वतःला दोष देण्याआधी त्याच पानाचा दुसरा स्कॅन मिळवून आकडा ताडून पाहा.

मजकूर निवडता येत नसलेली, पण चित्र चांगलं असलेली फाइल वाया गेलेली नसते. 'ओसीआरमायपीडीएफ' हे फुकट सॉफ्टवेअर अक्षरं ओळखणाऱ्या 'टेसरॅक्ट'च्या मदतीने चित्रामागे शोधता येण्याजोगा मजकूर घालतं. वाकडी पानं सरळ करायचा पर्याय त्यात आहे, तो चालू ठेवा. मूळ फाइलवर कधीही काम करू नका, प्रतीवर करा. मग 'डॉकफेचर'सारख्या फुकट साधनाने सगळ्या फोल्डरची एकत्र सूची बनवा, म्हणजे 'अंडं' किंवा 'रुमाल' यांचा इंग्रजी शब्द टाकला की सगळ्या अंकांतून उत्तर येतं.

पेन ड्राइव्हबद्दल तुम्ही जरा चाचरत विचारलंय. कायद्याची बाजू अशी: अमेरिकेत प्रकाशनाला 95 वर्षं झाली की पुढच्या 1 जानेवारीला मजकूर मुक्त होतो, म्हणून 1929 पर्यंतचे अमेरिकन अंक तिथे निःसंशय मुक्त आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं मोजतात, आणि मासिकात प्रत्येक लेखाचा लेखक वेगळा, त्यामुळे नंतरच्या अंकांना सरसकट उत्तर नाही. अनेक मासिकांचे हक्क आजही विकत घेतलेले आहेत आणि डिजिटल प्रती त्या हक्कदारांच्या परवानगीने विकल्या जातात. कॉपीराइटमध्ये जादूची युक्ती कोणाच्या मालकीची होत नाही, पण तिचं लिहिलेलं वर्णन आणि आकृती होतात. तेव्हा पेन ड्राइव्हमधलं 1929 नंतरचं, आजही विकलं जाणारं जे काही आहे ते पुसून टाका. कायदा बाजूला ठेवला तरी त्या फायली कामाच्या नाहीत. जागा वाचवायला कोणी कोणी पुन्हा पुन्हा दाबलेल्या, पानं गळालेल्या, नावं बदललेल्या असतात, आणि वर सांगितलेल्या परीक्षांत बहुतेक नापास होतात. खात्री करायची तर पुसण्याआधी एक-दोन तपासून बघा.

फुकट आणि चोख, असंही बरंच आहे. इंटरनेट आर्काइव्हवर 'महात्मा' आणि सुरुवातीचे 'स्फिंक्स' शोधा. ('महात्मा' हे 1895 ला न्यूयॉर्कहून निघालेलं जादूचं मासिक. गांधीजी तेव्हा नाताळमध्ये वकिली करत होते, त्यांचा या नावाशी संबंध नाही.) या अंकांत पूर्वेकडच्या जादूबद्दल वाट्टेल ते लिहिलेलं सापडेल, अपमानकारकही. पण कंपनीच्या प्रयोगाला बोलायला मसाला मिळतो. दोरीवर चढून मुलगा गायब होतो ही भारतीय रोप ट्रिक जगभर गाजली ती 'शिकागो ट्रिब्यून'ने 8 ऑगस्ट 1890 ला छापलेल्या बातमीमुळे, आणि काही महिन्यांनी त्याच पत्राने ती बनावट असल्याचं कबूल केलं. एवढं सांगून आपली दोरी बाहेर काढा, सहा वर्षांचा जुना दोरीचा आयटमही ताजा वाटेल.

पैशांचं असं करा. पहिले दोन महिने एक रुपयाही खर्च करू नका. फुकटच्या अंकांवर वरच्या चारही परीक्षा करून हात बसवा आणि ऑनलाइन सूचीतून तुमच्या सहा आयटमना धरून शोधा: एग बॅग कोणी, कुठे, काय वेगळं केलं. नवीन आयटम मिळवण्यापेक्षा जुन्याचा नवा शेवट मिळणं जास्त सोपं, आणि सामान घरात आहेच. कोणत्या मासिकाचं नाव पुन्हा पुन्हा येतंय ते आपोआप दिसेल. मग त्या एका मासिकावर फार तर 8,000 रुपये. वर्गणीचा पर्यायही पडताळा. 'जिनी' हे जादूचं मासिक 1936 पासून चालू आहे आणि वर्गणीदारांना जुने अंक ऑनलाइन वाचू देतं. मात्र फाइल आपल्याकडे राहते की वर्गणी संपताच दार बंद होतं, हे कुठेही पैसे भरण्याआधी विचारा. डॉलरमध्ये पैसे भरताना कार्डावरचे परदेशी ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावे लागतात. बँका साधारण 2 ते 3.5 टक्के जादा आकार लावतात, त्या आकारावर 18 टक्के जीएसटी. 8,000 वर वाईटात वाईट 330 रुपये.

उरलेल्यातून 10 इंची टॅब घ्या, वापरलेला चालेल. दोन स्तंभांचं मोठं पान मोबाइलवर वाचायचं म्हणजे एका हाताने कडी आणि दुसऱ्याने पान सरकवणं, ऐरोली येईपर्यंत माणूस कंटाळतो. टॅब घ्यायचा नसेल तर 'के2पीडीएफऑप्ट' हे फुकट साधन स्कॅनमधले स्तंभ कापून मोबाइलच्या रुंदीचे करून देतं. आकृत्या मात्र त्यात कधीकधी मधूनच तुटतात, म्हणून मूळ फाइल जवळ ठेवा.

वाचताना एक तक्ता भरा, साध्या स्प्रेडशीटमध्ये: मासिक, खंड, अंक, छापील पान, पीडीएफचं पान, आयटमचं नाव, सामान, लागणारी मिनिटं, आणि 'क्लबहाऊसमध्ये चालेल का'. छापील आणि पीडीएफ दोन्ही पानं लिहायची, कारण ती कधीच जुळत नाहीत. शेवटच्या रकान्यात फक्त हो किंवा नाही. 'बघू' लिहिलंत की पुन्हा 60 जीबी जमा होतील.

जुन्या अंकांतली रसायनं घरी करून बघू नका. पाण्याचं सरबत करायच्या आयटममध्ये ऑक्झॅलिक अ‍ॅसिड असतं, ते विषारी आहे आणि ग्लासातलं पाणी सरबतासारखं दिसतं. फ्लॅश पेपर घरी बनवायच्या कृतीत नायट्रिक अ‍ॅसिड असतं, कुठे फॉस्फरस, कुठे साफसफाईला कार्बन टेट्राक्लोराइड, जे यकृत बिघडवतं. ज्या खोलीत चार वर्षांचं पोर समोर दिसेल ते तोंडात घालतं, तिथे यातलं काहीही नको.

गुरूंचे सात अंक राहिले. बुरशीचे अंक आधी बाकीच्या पुस्तकांपासून वेगळे करा. सुका दिवस बघून, पंखा लांब ठेवून, सावलीत उघडे वाळवा. ऊन नको. मग तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने बुरशी घराबाहेर झटका. ओल्या फडक्याने पुसाल तर ती कागदात शिरेल. गंजलेल्या टाचण्या चिमट्याने सरळ करून काढा आणि मधली पानं सुती दोऱ्याने बांधा. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ठेवू नका, आत ओल कोंडते. कागदी पाकीट आणि डब्यात सिलिका जेल ठीक, दाणे रंग बदलले की गरम करून पुन्हा वापरा. टाचण्या निघाल्याच आहेत तर तेव्हाच स्कॅन करून घ्या: 300 डीपीआय, रंगीत किंवा करडं, मुखपृष्ठ आणि जाहिरातींसकट. कागद पातळ असेल आणि मागची छपाई पुढे उमटत असेल, तर प्रत्येक पानामागे काळा कार्डशीट ठेवा. मोबाइलने काढणार असाल तर खिडकीशेजारी सकाळी, फ्लॅश बंद करून, आणि पानावर पारदर्शक काच दाबून. काचेवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब येतं, तेवढी ती बंद करा.